पडद्यावरचा दिवा

४ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद. जेवण आणि औषधं वेळेवर चालू असतील असं मीच धरून चालते, कारण विचारलं तरी तुम्ही खरं सांगणार नाही.

सोबत माझ्या चष्म्याचं घर पाठवते आहे. आत कापसात पेनड्राइव्ह गुंडाळला आहे. काम झालं की घर परत पाठवा, अजून चांगलं आहे, झाकण लावताना टक् वाजतं.

काम असं. ह्यांनी सुरू केलेली आणि तुम्ही कॉम्प्युटरवर बसवून दिलेली रक्त देणाऱ्यांची यादी आता चारशे बारा माणसांची झाली. दवाखान्यातून फोन आला की गट काढायचा, त्या माणसानं रक्त देऊन तीन महिने उलटलेत ना ते बघायचं, आणि फोन लावत सुटायचं. हे गेल्यापासून सहा वर्षं मी एकटीच बघते. आता पासष्टी उलटली. माणसानं उठून जाण्याआधी बसायची जागा पुसून ठेवावी. हे काम सूनबाईच्या हाती द्यायचं मनात आहे. म्हणून मी यादीत कसं शोधते, तारीख कशी बदलते, गट कसा लिहिते, हे सगळं पडद्यावर करता करता बोलून त्याचं रेकॉर्डिंग करायला घेतलं. सूनबाईच्या कचेरीतल्या एकांनी तेवढं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.

पण रेकॉर्डिंग अडखळतं. मी बाण सरळ नेते, आणि बघायला गेलं तर तो आधी इथे दिसतो, मग एकदम तिथे. मधला रस्ता गायब. माझा आवाज पुढे निघून जातो आणि बाण मागून येतो, एकाच घरातली भांडलेली माणसं लग्नाला निघावीत तसं. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा लिहून ठेवलं. पहिल्यांदा दुसऱ्या मिनिटाला अडखळलं, दुसऱ्यांदा चौथ्या, तिसऱ्यांदा तिसऱ्या, चौथ्यांदा परत दुसऱ्या. पाचव्यांदा पहिल्यापासूनच. नाचता येईना अंगण वाकडं असं मनात आणू नका. अंगणच वाकडं आहे, तुम्ही बघाच.

आणि नवीन कॉम्प्युटर घ्या असंही लिहू नका. तुमची यादी नव्या मशीनवर उघडत नाही हे तुम्हीच सांगितलं होतं. शिवाय जुनं अंगावर बसलेलं असतं.

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून फोन नाही आणि मोबाईलवरची मुंग्यांची रांग मला नको, तेव्हा पत्रच बरं. जाड पेनानं लिहिलंय. ओळी वरखाली झाल्यात, गोड मानून घ्या.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. औषधं वेळेवर घेतो. (खरं सांगितलं.)

रेकॉर्डिंग पाहिलं. अंगण वाकडंच आहे, तुमची निर्दोष सुटका. त्या मशीनचं वय माणसाच्या हिशेबात तुमच्यापेक्षा जास्त आहे आणि तुम्ही त्याला पळायला लावताय. रेकॉर्डिंग म्हणजे दर सेकंदाला पडद्याचे तीस फोटो काढायचे, आधीच्या फोटोपेक्षा काय बदललं ते शोधायचं आणि लिहून ठेवायचं. ही तिन्ही कामं तुमची यादी चालवता चालवता. दमलं की ते सरळ मधले फोटो गाळतं. तुमचा हरवलेला रस्ता तो.

तेव्हा त्याचं ओझं कमी करा. सॉफ्टवेअरमध्ये तीसच्या जागी पंधरा लिहा, यादीला पंधरा पुष्कळ झाले. अख्खा पडदा टिपू नका, फक्त यादीची चौकट टिपायला सांगा. बाकी जे उघडं असेल ते सगळं बंद. इंटरनेटची वायर काढून ठेवा, म्हणजे मधेच त्याला काही आठवणार नाही. आणि एक शंका आहे: तुम्ही रेकॉर्डिंग थेट पेनड्राइव्हवर करता ना? कॉम्प्युटर भरू नये म्हणून? तुमचा स्वभाव मी ओळखतो. तसं करू नका. पेनड्राइव्ह म्हणजे बारीक तोंडाची बाटली, भराभर ओतलं की सांडणारच. आधी कॉम्प्युटरच्या पोटात साठवा, पूर्ण झाल्यावर पेनड्राइव्हवर घ्या.

शेवटचं. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दादानं तो हलणाऱ्या ज्योतीचा दिवा ठेवला होता, तो अजून आहे का? असेल तर बंद करा. तो चौकटीच्या बाहेर असला तरी मशीनला प्रत्येक क्षणी ज्योत नव्यानं काढावीच लागते.

दोन प्रश्न, उत्तर दिलं नाही तरी चालेल. सूनबाई त्याच घरात राहते, मग शेजारी खुर्ची टाकून शिकवायचं सोडून ही उठाठेव कशाला? आणि चष्म्याचं घर इकडे पाठवलंत, तर चष्मा बिचारा राहतो कुठे?

धाकटा


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद. पेनड्राइव्हचं तुम्हाला कसं कळलं! थेट त्यावरच करत होते. बसल्या जागी चोर पकडलात.

तुम्ही सांगितलं ते केलं. तीसचे पंधरा केले, चौकट आखली, बाकीचं बंद केलं, वायर काढली, पोटात साठवलं. फरक पडला. आधी दोन-चार मिनिटांतच अडखळायचं, आता सहा मिनिटं सुरळीत जातं. मग सातव्याला एकदा, आठव्याला दोनदा, आणि दहाव्यानंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा असंच झालं, म्हणजे योगायोग नाही.

सूनबाईला शेजारी बसवायचं म्हणता, पण ती शाळेच्या कचेरीतून येते तेव्हा तिचा जीव अर्धा झालेला असतो. मुलगा फिरतीवर. तिला आणखी कशाला जुंपू? पोरगी चांगली आहे, फक्त हात जरा सैल. स्वयंपाकघरात मीठ आणि साखरेच्या बरण्या जोडीच्या होत्या, एकीलाही टवका नाही. तर ही नव्या दोन घेऊन आली, एक उंच आणि एक बसकी. जोडी म्हणून तरी घ्यावी! मी काही बोलले नाही. हल्ली बोलत नाही. जुन्या बरण्या फडताळात वर ठेवल्यात.

चष्म्याची काळजी करू नका. तो सदा नाकावरच असतो, त्याला घर कशाला?

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. तुमच्या पत्रात मी सांगितलेल्या पाच गोष्टी आहेत. मी सहा सांगितल्या होत्या.

दिवा?

धाकटा

ता. क. पेनड्राइव्हवर एक चित्र घालून परत पाठवतोय. तोच दिवा आहे, फक्त ज्योत स्थिर. हलणारा काढा आणि हा लावा. बंद खोलीत ज्योत हलत नाही, देवाला त्यात वावगं वाटणार नाही.


५ मार्च

भाऊजी,

पकडलंत. दिवा मी मुद्दामच गाळला होता. खोटं लिहायचं नव्हतं म्हणून लिहिलंच नाही, आणि त्यातच सापडले.

तुम्हाला आठवत असेल, यादी बसवून झाली त्या दिवशी ह्यांनी तो दिवा लावला. म्हणाले, इथे बसणारा माणूस कुणाच्या तरी जिवासाठी बसणार, समोर दिवा असू दे. तेव्हापासून मी त्या खुर्चीवर बसले आणि दिवा नाही असं झालं नव्हतं. दिवा मालव असं कुणी तोंडानं तरी म्हणतं का, भाऊजी? तुम्ही तर लिहून पाठवलंत! चार दिवस मन होईना. मग तुमचं स्थिर ज्योतीचं वाचलं आणि वाटलं, खरंच, देव काही ज्योतीच्या हलण्यावर बसलेला नाही. परवा बदलला.

आणि काय सांगू! चौदा मिनिटं. एकदाही अडखळलं नाही. ताटात तेल पसरावं तसा बाण जातो. पहिल्या झटक्यात जमलं, दुसऱ्यांदा केलंच नाही. यादीतल्या न्हाव्याच्या ओळीवर गट कसा बदलायचा ते दाखवलं आणि परत होता तसा करून ठेवला. तेच सोबत पाठवते आहे. तुम्ही एकदा बघून होकार कळवा, मग सूनबाईच्या हाती देते.

नव्या दिव्याशी अजून ओळख व्हायची आहे. बसलं की जरा परक्या घरी आल्यासारखं होतं. होईल सवय.

तुमचे उपकार कुठे फेडू? देव तुम्हाला सुखात ठेवो.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

नमस्कार. हे पत्र मोठ्या अक्षरात लिहितोय, का ते कळेलच. दोन पानं झाली आहेत, दोन्ही वाचा.

रेकॉर्डिंग उत्तम आहे. मी तीन वेळा पाहिलं. पहिल्यांदा कारागिरीच्या आनंदात. दुसऱ्यांदा काहीतरी खटकलं म्हणून. तिसऱ्यांदा हळू चालवून, एकेक चित्र थांबवून. आवाज मला नाहीच, त्यामुळे मी फक्त बाण बघतो. लोक बोलणाऱ्याचं तोंड बघतात, मी तुमचा बाण बघत होतो.

आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये बाण उड्या मारायचा, त्यामुळे मधे काय होतं ते दिसत नव्हतं. आता रस्ता दिसतो. वहिनी, तुमचा बाण बटणाकडे जात नाही. तो बटणाच्या शेजारी जातो, थांबतो, भोवती फिरतो, चाचपडतो आणि मग दाबतो. अंधारात कडी शोधणाऱ्या हातासारखा. चौदा मिनिटांत असं एकतीस वेळा झालं.

अंगण आता सरळ आहे. म्हणूनच हे लिहायला हात धजत नव्हता.

मला वाटतं, चष्मा नाकावर नाही. मला वाटतं, चष्म्यानं आता भागत नाही, म्हणून घर रिकामं होतं. आणि सूनबाईला शेजारी बसवत नाही ते ती दमते म्हणून नाही. ती बघेल म्हणून.

रागावू नका, किंवा रागवा, पण आधी माझं ऐका. माझे कान जायला लागले तेव्हा दोन वर्षं मी कुणाला कळू दिलं नाही. दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक बोलायचं, मी मान डोलवायचो. एकदा एक माणूस मशीन ठेवून बराच वेळ काही सांगत होता, मी हो हो म्हणालो आणि डिस्क पुसून मशीन नव्यासारखं करून दिलं. तो सांगत होता की आत वडिलांचे फोटो आहेत, ते आधी काढून घ्या. वडील महिन्यापूर्वी गेले होते. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, ते तरी मला ऐकू आलं असतं. तो नुसता बसून राहिला. कान गेल्याची लाज मला तोवर वाटत होती. त्या दिवशी कळलं, लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटायला हवी होती.

(पान दुसरं)

आता मुद्दा, आणि हा लगेच बघा. रेकॉर्डिंगमध्ये नवव्या मिनिटाला तुम्ही बाजाराच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या ओळीवर जाता. त्याचा गट बी पॉझिटिव्ह. दाखवण्यापुरता तुम्ही तो ओ निगेटिव्ह करता. मग परत बी पॉझिटिव्ह लिहिता, पण एक ओळ खाली. तिथे फूलवाली आहे. म्हणजे तुमच्या यादीत आज न्हावी ओ निगेटिव्ह झालाय आणि फूलवाली, जी खरी ओ निगेटिव्ह आहे, ती बी पॉझिटिव्ह. दवाखान्यात रक्त तपासतातच, चुकीचं रक्त कुणाला चढणार नाही. पण ज्या दिवशी ओ निगेटिव्ह लागेल त्या दिवशी फूलवाली तुम्हाला सापडणार नाही, आणि न्हावी तपासून परत येईपर्यंत तास गेलेला असेल.

सूनबाईला सांगा. आजच.

धाकटा


३० मार्च

वहिनी,

नमस्कार. सोळा दिवस झाले, उत्तर नाही. माझं लिहिणं लागलं असेल तर मला बोला, मात्र यादीतल्या त्या दोन ओळी नीट झाल्यात एवढं कुणाकडून तरी कळवा. एक ओळ पुरे.

धाकटा


६ एप्रिल

भाऊजी,

आशीर्वाद. अक्षर सूनबाईचं आहे, बोलणं माझं. मी सांगते ते शब्दाला शब्द लिही असं तिला बजावलं आहे.

तुमचं मोठ्या अक्षरांचं पत्र आलं त्या दिवशी भिंग घेऊन पहिलं पान वाचलं. त्याला दुपार गेली. 'ती बघेल म्हणून' इथपर्यंत आले आणि असा संताप आला की काय सांगू. मनात म्हटलं, भाऊजींना काम सांगितलं रेकॉर्डिंगचं आणि हे माझे डोळे तपासायला निघाले! पत्राची घडी केली आणि देवाच्या फोटोमागे ठेवून दिली. दुसरं पान उघडलंच नाही. तुमच्या वडिलांच्या गिऱ्हाइकाचं... (आई, वडील त्या गिऱ्हाइकाचे होते. —हो, तेच ते. लिही पुढे.) ते सगळं मला नंतर कळलं.

त्यानंतर नऊ दिवसांनी, सत्तावीस तारखेला, दुपारी चारच्या सुमारास प्रसूतिगृहातून फोन आला. बाळंतीण, रक्त थांबत नाही, ओ निगेटिव्ह, दोन माणसं लगेच हवीत. सूनबाई नुकतीच आली होती, पायात चप्पल तशीच. मी कॉम्प्युटरपुढे बसले. गट काढला. पडद्याकडे बघितलं आणि भाऊजी, मला एकही नाव वाचता येईना.

आता तुम्हाला सांगते. दहा महिने झाले. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसलं जातं, शेजारचं दिसतं. शेजारच्याकडे बघितलं की ते जातं. डॉक्टर म्हणाले, औषधानं जेवढं थांबेल तेवढं थांबवू, गेलेलं परत यायचं नाही. चष्मा सात महिने कपाटात पडून आहे. कडेचं मात्र सगळं दिसतं, आणि कडेला काही हललं तर हमखास दिसतं. रेकॉर्डिंगमधला बाण उड्या मारतो हे मला म्हणून दिसलं होतं.

मी हाक मारली, "सूनबाई, वाच." तिनं काही विचारलं नाही. पाठीमागून वाकून वाचलं. चार नावं. दोघं परगावी, एकानं गेल्याच महिन्यात दिलेलं. चौथा न्हावी.

मी म्हटलं, "न्हावी नव्हे. तो बी पॉझिटिव्ह."

ती म्हणाली, "आई, इथे ओ निगेटिव्ह लिहिलंय."

"चौथी फूलवाली आहे."

"फूलवाली यात नाही, आई."

चारशे बारा माणसांचे गट मला तोंडपाठ आहेत असा माझा गर्व होता. वाटलं, डोळ्यांपाठोपाठ आता डोकंही गेलं. मग दुसऱ्याच्या जिवाशी हा खेळ कशाला? पडद्यावरचं खरं मानायचं की माझं? तेव्हा तुमचं दुसरं पान आठवलं. वाचलं नव्हतं, पण तुम्ही 'दोन्ही वाचा' असं दोनदा कशाला सांगाल? (एकदाच लिहिलंय, आई. —मला दोनदा वाटलं.) देवामागून ते काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, "मोठ्यानं वाच. पहिलं पान सोड."

तिनं वाचलं. न्हावी बी पॉझिटिव्ह, फूलवाली ओ निगेटिव्ह. डोळे गेले होते, डोकं जागेवर होतं. भाऊजी, तेवढ्या घाईतही मला रडू फुटलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

फूलवाली फोन उचलेना. सूनबाई तशीच बाजारात पळाली, तिला टोपल्यासकट रिक्षात घालून घेऊन गेली. दुसरा माणूस प्रसूतिगृहानंच कुठून तरी मिळवला. बाळंतीण वाचली. मुलगी झाली. फूलवाली परत आली ती मलाच ओरडली, "माझी फुलं सुकली की हो!" मी ती सगळी देवासाठी घेतली. घरभर दरवळ होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघींनी यादी तपासायला घेतली. मी प्रत्येक नोंद आधी वहीत करते, ते कामाला आलं. वहीचं अक्षर जाड पेनाचं, मोठं, ते आम्ही ताडून पाहिलं. एक आठवडा लागला. डोळ्यांचं कळलं तेव्हापासूनच्या सगळ्या नोंदी बघितल्या. नऊ महिन्यांत चुका निघाल्या दोन. आणि मार्च महिन्याच्या पहिल्या सत्तावीस दिवसांत सहा.

सूनबाई म्हणाली, मार्चमध्ये असं काय झालं? मी सांगितलं. मार्चमध्ये मी दिवा बदलला.

दिवा मालवायला माझं मन होत नव्हतं, ते फक्त ह्यांच्यासाठी नव्हतं, भाऊजी. माझं मलाही तेव्हा धड कळलं नव्हतं. हलणारी ज्योत मला डोळ्याच्या कडेनं दिसायची. तिथून पडद्याचा कोपरा कळायचा, आणि कोपऱ्यापासून खाली मी ओळी मोजायची. सातवी ओळ, अकरावी ओळ. स्थिर दिवा मला दिसतच नाही. तुम्ही मशीनचं ओझं उतरवलंत आणि मी ज्या काठीवर चालत होते ती त्यातच गेली. यात तुमचा दोष नाही. मी सांगितलं असतं तर तुम्ही काढायला लावली नसती. पण दोन चुकासुद्धा नकोत हेही मला कळतं. आता पडद्यावर सूनबाईच लिहिते. मी शेजारी बसते आणि फोन लावते. माणसं माझा आवाज ओळखतात, नाही म्हणत नाहीत.

नवीन रेकॉर्डिंग केलंय, ते सोबत पाठवते आहे. सूनबाईचा हात, माझा आवाज. पुढे तिलाही कधीतरी कुणाला शिकवावं लागेल.

वहिनी

काका, नमस्कार. हे आता माझं. आईंना वाटतं त्यांनी मला सत्तावीस तारखेला सांगितलं. मला सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं, चहात मीठ पडलं त्या सकाळी. दोन्ही बरण्या सारख्याच, हाताला फरक कळणार कसा? म्हणून एक उंच आणि एक बसकी आणली. मला वाटायचं, त्या सांगतील तेव्हा सांगतील. आत्ता हे लिहितेय तर त्या शेजारी बसून विचारतायत, "एवढं काय लिहितेस?" जुन्या बरण्या मात्र टाकू देत नाहीत.

सूनबाई


२२ एप्रिल

वहिनी,

नमस्कार, आणि सूनबाईला आशीर्वाद. बरण्यांबद्दल तिला माझ्याकडून शंभरपैकी शंभर. चाळीस वर्षं मशीनं उघडली, पण दुखणं न उघडता दुरुस्ती मला कधी साधली नाही.

दिव्याबद्दल मला दोष देत नाही म्हणालात. मी देतो. एकच प्रश्न विचारायचा राहिला: हा दिवा का हवा? मशीन काय काय चालवतं ते सगळं मोजलं, बसणारं माणूस मोजायचं राहिलं.

नवं रेकॉर्डिंग पाहिलं. कारागीर म्हणून सांगायचं तर ते अडखळतं. तिसऱ्या मिनिटाला बाण उडी घेतो, आठव्याला चित्र क्षणभर थिजतं. अख्खा पडदा टिपलाय आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात दादाचा दिवा पुन्हा हलतोय, तेव्हा हे होणारच. त्याला कुणी हात लावू नका. यादी वाचता येते, ओळी कळतात, तेवढं बास. सूनबाईच्या कचेरीतल्या त्या हुशार गृहस्थांनी दिवा बंद करायला सांगितलं तर त्यांना माझ्याकडे पाठवा. मला ऐकू येत नाही, त्यामुळे वाद लवकर संपेल.

चष्म्याचं घर सोबत आहे. आत भिंग ठेवलंय, तुमच्यापेक्षा जरा मोठं, कडेला छोटा दिवा असलेलं. झाकण बसतं, टक् वाजतं असं पोस्टातल्या बाईंनी खूण करून सांगितलं.

एक शेवटचं. या रेकॉर्डिंगमध्ये बाण चाचपडत नाही. तरणा हात आहे, भरभर जातो. फक्त फूलवालीच्या ओळीवर येऊन तो थांबला. बराच वेळ थांबला, मी मोजलं, अकरा सेकंद. मला वाटलं, झालं, पुन्हा थिजलं. सवयीनं कागद ओढला, वेळ टिपायला. मग कोपऱ्यात नजर गेली. ज्योत हलत होती. म्हणजे चित्र अडलेलं नव्हतं. तुम्ही काहीतरी सांगत होतात आणि सूनबाई ऐकत होती.

धाकटा